देव कमरेला बांधून उतरलो तो दिवस

देवाचं करणाऱ्याचं मन आपोआप निर्मळ होतं, असं लोक समजतात. मी धारेला एका सरदारांच्या घरी वीस-बावीस वर्षं देवपूजा केली. पहाटेचं स्नान, सोवळं, रुद्र, नैवेद्य, कशात खंड पडू दिला नाही. आणि तरीही माझ्या पोटात जेवढा मत्सर होता तेवढा सवतीच्याही पोटात नसेल. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता वय झालं, लाजायचे दिवस गेले, म्हणून लिहून ठेवतो. देवाने माझ्यावर कृपा केली ती माझ्या भक्तीमुळे नव्हे. मी त्याची चोरी केली त्या दिवशी केली, एवढं वाचणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावं.

सरदारांच्या देवघरात देव पुष्कळ होते, पण मुख्य होता तो नर्मदेचा बाण, म्हणजे नदीत सापडलेलं महादेवाचं लिंग. धरमपुरीला घाटाखाली स्नान करताना तो सरदारांच्या आजोबांच्या पायाला लागला होता. बोराहून मोठा, लिंबाहून लहान, काळसर, मधोमध एक पांढरी रेघ. नर्मदेतल्या बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. त्याला आवाहन नाही की विसर्जन नाही, तो देव असतोच. एकच नियम पाळायचा, की एक दिवससुद्धा त्याला पूजेवाचून ठेवायचं नाही. माझ्या आधी माझ्या वडिलांनी त्याची पूजा केली होती. त्यामुळे बाण सरदारांचा असला तरी खरं म्हणजे तो आमचाच, असं मी मनात धरून होतो, आणि त्याला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला की मला स्वतःला विटाळ झाल्यासारखं वाटे.

गोविंदभट देवासचे. सरदारांच्या बाईसाहेबांचं माहेर देवास, त्यामुळे ते तिकडून आले ते बाईसाहेबांची शिफारस घेऊनच आले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जरा ओबडधोबड, संधी-विसर्ग पुष्कळदा चुकवणारे. पण गळा असा की तो चुका झाकून टाकी. टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्यांवर बसून स्तोत्रं म्हणत तो तयार झाला होता. त्यांना ठेवलं होतं स्वयंपाकाला. मला ‘भिया’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत, पाया पडत, माझं सोवळं वाळत घालत. माणसाने दुष्ट असावं, म्हणजे त्याचा द्वेष करायला सोपं जातं. गोविंदभट तसे नव्हते आणि तेच मला जास्त झोंबत असे.

अशात सरदारसाहेबांचे डोळे अधू होऊ लागले. इंदुरात, मुंबईत दाखवून झालं, आणि विलायतेला एक मोठा डॉक्टर आहे, त्याच्याकडे जावं असं ठरलं. त्यांना उजेड-अंधार आणि माणसाचा आकार एवढंच दिसे. समुद्र ओलांडायचा, पण देवाशिवाय आणि घरच्या अन्नाशिवाय नाही, असा त्यांचा हट्ट. म्हणून परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं ठरवून आम्ही दोघे ब्राह्मण त्यांच्याबरोबर निघालो: मी देवासाठी, गोविंदभट चुलीसाठी. बरोबर नर्मदेच्या पाण्याच्या, तोंडं झाळून बंद केलेल्या घागरी, वाळवलेला बेल, तांदूळ, तूप, आणि बाण त्याच्या चांदीच्या डबीत.

मुंबई सोडली आणि तिसऱ्या दिवशी मला आगबोट लागली. लागली म्हणजे किती! डोकं वर उचलवेना. आठ-नऊ दिवस मी एका फळीवर पडून होतो, आणि त्या आठ-नऊ दिवसांत पूजा गोविंदभटांनी केली. मधल्या लाकडी भिंतीतून त्यांचा रुद्र मला ऐकू येई. त्यात चुका कुठे होतात ते मी बोटांवर मोजत पडे. उलटी थांबवायला मी देवाला आळवलं नाही. पण गोविंदभटांचा घसा बसावा म्हणून मात्र मनोमन आळवलं, हे कबूल करतो.

मी बरा होऊन उठलो त्या संध्याकाळी सरदारसाहेबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “भटजी, तुम्ही अजून अशक्त आहात. विलायत येईपर्यंत पूजा गोविंदभटांकडेच राहू द्या. मला आता डोळ्यांनी दिसत नाही, कानांनीच देव बघतो. त्यांचा आवाज कानांत राहतो बघा दिवसभर.” पुढे म्हणाले, उद्या इटलीच्या एका बंदरात आगबोट दिवसभर थांबेल, कोळसा भरेल, तेव्हा तुम्ही जमिनीवर उतरून पाय मोकळे करून या. त्यांनी मायेनेच सांगितलं. मला मात्र ऐकू आलं ते एवढंच, की तुमची आता गरज नाही.

आगबोटीवर मुंबईचे एक पारशी गृहस्थ होते. त्यांनी मला त्या बंदराजवळच्या एका जुन्या गावाची गोष्ट सांगितली होती. “एक दिन में पूरा गाम राख में दबी गया, महाराज. रस्ता, दुकान, देवल, सब वैसा का वैसा.” मी तेव्हा नाक मुरडलं होतं. मांडू पाहिलेल्या धारच्या माणसाला पडक्या वाड्यांचं काय कौतुक! पण त्या रात्री डोक्यात घोळू लागलं ते तेच. सकाळी पारशी गृहस्थांकडून मी एक चिठ्ठी लिहून घेतली. एका बाजूला त्या गावाचं नाव, दुसऱ्या बाजूला बंदराचं. आगबोट सूर्य मावळायच्या आत सुटणार, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. गोविंदभट स्नानाला गेले, तेव्हा मी देवाच्या खोलीत शिरलो, डबी उघडली, बाण काढून कमरेला बांधलेल्या पैशांच्या पिशवीत घातला, आणि डबी होती तशी लावून ठेवली.

देवाला एका प्राचीन स्थानाचं दर्शन घडवतो आहे, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. गोविंदभट डबी उघडतील, आत काही नसेल, बाहेर सरदारसाहेब हात जोडून बसलेले असतील, आणि त्या गोड गळ्यातून शब्द फुटणार नाही, हे चित्र मला बघायचं होतं. बघायला मी तिथे नसणार, याचं तेवढं वाईट वाटत होतं.

आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात मी पागोटं, उपरणं आणि धोतर अशा थाटात बसलो होतो आणि सगळा डबा माझ्याकडे बघत होता. एका बाईच्या मांडीवर दोन कोंबड्या होत्या, त्यासुद्धा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला एक मोठा डोंगर, आणि त्याच्या माथ्यातून हळूहळू धूर निघत होता. तासाभराने चिठ्ठी दाखवून विचारलं तर लोकांनी मला जवळजवळ ढकलूनच खाली उतरवलं.

मांडूशी तुलना करायला म्हणून गेलो होतो, पण तुलना होईना. मांडूला राजे राहत होते, त्यांचे महाल पडले. बघताना वाईट वाटतं, पण ते आपलं दुःख नसतं. इथे साधी माणसं राहत होती. रस्त्याच्या फरसबंदीत गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या होत्या, दुकानांच्या ओट्यांत रांजण बसवलेले होते, जातं होतं, न्हाणीघर होतं. एका घरात मला तिथल्या टोपीवाल्या रखवालदाराने नेलं. स्वयंपाकघर. चूल ओळखू आली. आणि चुलीशेजारच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्याच्या खाली दोन नाग समोरासमोर रंगवलेले. मी जागीच उभा राहिलो. ते त्या घरचं देवघर होतं. मला कुणी सांगावं लागलं नाही. आत देव नव्हते. रखवालदाराने दोन्ही हात पसरून, लांब बोट दाखवून काहीतरी सांगितलं. देव दुसरीकडे नेले आहेत, एवढं मला समजलं.

रखवालदार दुसऱ्या लोकांकडे गेला. मी त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत राहिलो आणि मला आगबोटीवरची डबी दिसू लागली. मी मान झटकली. कमरेच्या पिशवीतून बाण काढला, उपरण्याच्या टोकाने कोनाडा पुसला, आणि त्याला तिथे बसवला. बरोबर आणलेल्या लहान बाटलीतलं नर्मदेचं पाणी थेंब थेंब घातलं आणि रुद्र म्हणायला लागलो. भिंतींमुळे आवाज असा घुमला, की माझा मलाच नवा वाटला. एक चूक नाही, एक श्वास वावगा नाही. आणि मध्येच माझ्या लक्षात आलं, की हे सगळं मी देवाला ऐकवतच नाही. ऐक, गोविंदभटा, याला म्हणतात रुद्र, असं माझं मन म्हणत होतं. समुद्रापलीकडच्या एका मेलेल्या गावात, जिथे माझी भाषा कळणारं एक माणूस नाही, तिथेही मी त्या देवासकरालाच गाऊन दाखवत होतो.

माझं म्हणणं थांबलं. पुढचं आठवेना असं नव्हे, म्हणवेना. अंगात आजाराची अशक्तता, परक्या देशातलं पाणीही प्यायचं नाही म्हणून सकाळपासून तोंड कोरडं; मी त्या चुलीला टेकून बसलो आणि माझे डोळे कधी मिटले ते कळलं नाही. जागा झालो तो रखवालदार खांदा हलवत होता. घड्याळ दाखवत होता, तोंडाने आगगाडीची शिट्टी वाजवून दाखवत होता. मी उठलो आणि धावत सुटलो.

धावताना डोक्यात काय होतं? गोविंदभटांचा चेहरा. ते आता रडले असतील का, सरदारसाहेब काय बोलले असतील, आणि मी देव काढून दाखवल्यावर सगळे मला काय म्हणतील. देह देवळात आणि चित्त खेटरात म्हणतात ते खरं करून दाखवलं मी. स्टेशनात गाडी उभीच होती. फळीवर एक पाय ठेवून तिकिटाच्या पैशांसाठी कमरेला हात घातला, आणि पिशवी हलकी लागली.

बाण मी त्या कोनाड्यातच ठेवून आलो होतो.

वडिलांचा, सरदारांच्या आजोबांचा, तीन पिढ्यांत एक दिवस न चुकलेला देव. गाडीत चढलो तर आगबोट मिळेल आणि देव कायमचा गेला. मागे फिरलो तर आगबोट गेली, आणि या देशात मला ना भाषा, ना अन्न, ना ओळखीचं माणूस. गाडीच्या माणसाने हातातलं निशाण वर केलं. मी फळीवर एक पाय ठेवला होता तो काढून घेतला. खरं सांगतो, त्या क्षणी गोविंदभट माझ्या मनात नव्हते. कुणीच नव्हतं. बाबा, मी चुकलो, आता तुझं तू बघ, मी येतो आहे, एवढंच तोंडातून निघालं, आणि तेही मराठीत. कुठलं स्तोत्र आठवलं नाही. गाडी सुटली. मी परत चालू लागलो.

त्या पडक्या गावाच्या फाटकापर्यंत पोचलोही नसेन, तोच समोरून एक म्हातारी धुळीतून धावत येताना दिसली. काळा झगा, डोक्याला काळं फडकं, पाय अनवाणी. त्या पडक्या घरांतून गवत उपटायला बाया ठेवलेल्या असत, त्यांतली ती असावी. हाताला माती होती. ओंजळीत काहीतरी छातीशी धरून ती एकसारखी बोलत येत होती. जवळ येऊन तिने ओंजळ उघडली. ओल्या फडक्यात माझा बाण होता. तिने तो धुतला होता, आणि वर एक पिवळं रानफूल ठेवलं होतं.

मी हात पुढे केले. तिने लगेच दिला नाही. आधी बाणाचं चुंबन घेतलं, मग तो माझ्या कपाळाला लावला, आणि मग हातावर ठेवला. ज्याला गोविंदभटांनी हात लावलेला मला खपत नव्हता, त्याला धर्माबाहेरच्या एका म्हातारीचं तोंड लागलं, आणि मला शिसारी आली नाही. उलट ते फूल पडू नये म्हणून मी जपत होतो. मी तिला आई म्हटलं. तिला काय कळलं कोण जाणे.

मग मी चिठ्ठीची दुसरी बाजू दाखवली आणि सूर्याकडे बोट केलं. तिने कपाळावर हात मारला, माझं मनगट धरलं आणि मला द्राक्षांच्या मळ्यांतून भरभर ओढत नेलं. गावाच्या दुसऱ्या अंगाला आगगाडीचं आणखी एक लहानसं स्टेशन होतं, हे मला माहीतच नव्हतं. डोंगराच्या कडेने येणारी गाडी आम्ही पोचलो तेव्हाच येत होती. तिने गाडीच्या माणसाला दरडावून काहीतरी सांगितलं आणि मला आत ढकललं. मी बाकावर बसून वळून बघितलं तेव्हा ती मळ्यातून परत निघाली होती. तिने मागे पाहिलं नाही.

ती कोण होती, हा वाद मी घालत नाही. मला झोपलेलं तिने पाहिलं असेल, विसरलेली वस्तू तिने परत आणून दिली, असं म्हणणाऱ्याला माझी हरकत नाही. मीही कधी कधी तसंच म्हणतो. पण मागे फिरण्याआधी मला ती भेटली नव्हती, एवढं मला ठाऊक आहे.

फळी काढायच्या आत मी आगबोटीवर पोचलो. देवाच्या खोलीच्या दारात गोविंदभट बसले होते. तोंड सुकलेलं, दिवसभर काही खाल्लेलं दिसत नव्हतं. मला बघून उठले आणि म्हणाले, “आलात भिया! सुखरूप आहात ना? मला फिकीर लागली होती, जहाज सुटून जाईल की काय.”

ते आत गेले, मी मागोमाग. डबी उघडी होती. ताम्हणात तांदळाची रास, तिच्यावर एक सुपारी, भस्म लावलेली, बेल वाहिलेली, ओली. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याने माझ्याहून नीट मांडलं आहे.

“डबी उघडली अन् समजून गेलो,” गोविंदभट खाली बघत म्हणाले. “देव भियांजवळच आहे, म्हटलं, दुसरीकडे जातो कुठे? पण बाहेर सरकार बसलेले. पूजेत नागा तर नाही पडू द्यायचा. मग सुपारी मांडली, तिच्यावर आवाहन केलं. म्हटलं, महादेवा, भिया येईपर्यंत इथे येऊन बस. सरकारांना मी झूठ नाही बोललो. देवच होता तो.”

“आणि मी आलो नसतो तर?”

“असं कसं. तुम्ही त्याला सोडून थोडेच राहणार?”

मला राग यायला हवा होता, माझी चोरी धुळीला मिळवली म्हणून. पण मी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. गोविंदभट घाबरले, पाणी आणतो म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. घसा बसावा म्हणून देवाला आळवलं होतं तेही सांगितलं. ते ऐकून ते हसले आणि म्हणाले, “बसला होता ना दोन दिवस! मी समजलो समुद्राची हवा.”

संध्याकाळी आरतीनंतर मी सरदारसाहेबांच्या पायांशी जाऊन बसलो आणि अपराध कबूल केला. पूजेवरून काढून टाका म्हणालो. ते म्हणाले, “भटजी, दगडावर पाण्याची धार पडते तिचा आवाज मी लहानपणापासून ऐकतो आहे. आज सकाळचा आवाज तो नव्हता. मला तेव्हाच कळलं.”

“मग सरकार बोलला का नाहीत?”

“दोघेही भटजी माझे. एक देव घेऊन गेला, एकाने बोलावून आणला. मी वाट बघायची ठरवली.”

एवढंच. त्यांनी मला काढलं नाही, पुढे कधी तो विषयही काढला नाही. विलायतेच्या डॉक्टरने त्यांचे डोळे होते तेवढे टिकवले, परत दिले नाहीत. धारेला परतून आम्ही सगळ्यांनी प्रायश्चित्त घेतलं. माझं प्रायश्चित्त खरं म्हणजे त्या रात्रीच सुरू झालं होतं. सुपारीचं विसर्जन करायचं राहिलं होतं. गोविंदभट म्हणाले, “तुम्ही करा भिया, माझ्याने नाही होत. दिवसभर त्याच्याशी बोलत होतो.” मी मंत्र म्हटला. म्हातारीचं फूल अजून बाणावर होतं. ते काढून मी बाजूला ठेवलं, बाण गोविंदभटांच्या हातावर दिला, आणि पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, “तुम्ही बसवा.”

मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. तो माझ्या हाडांत आहे, माझ्याबरोबरच जाईल. पण देव माझ्या मुठीत राहत नाही, हे मला समजलं. मूठ मी घट्ट धरली तेव्हा तो निसटला, आणि मी सोडून दिला तेव्हा कुणाच्या तरी ओंजळीतून परत आला. त्या म्हातारीचे, गोविंदभटांचे आणि न बोललेल्या सरदारांचे उपकार मी कसे फेडणार? आता हात कापतात, पूजा गोविंदभटांचा मुलगा करतो. गळा बापाचाच. तो रुद्राला बसला की आजही आधी माझ्या पोटात दुखतं. मग मी उठतो आणि त्याच्या हातावर पाणी घालतो.